ब्राँझ ओतायला शिकताय? आधी पाण्याचा हिशोब शिका

ब्राँझचं ओतकाम शिकायला मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा डोक्यात एकच चित्र होतं, लालभडक भट्टी आणि मुशीतून, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यातून, पडणारी नारिंगी धार. पहिले दोन दिवस भट्टी पेटलीच नाही. मिस्त्रींनी आम्हाला मेण मळायला लावलं, रिकामी मूस सांडशीत धरून भट्टीपासून साच्यापर्यंत दहा-पंधरा वेळा चालायला लावलं, आणि शेडमधल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारत राहिले, "यात पाणी आहे का?" वाळूत? विटेत? पळीत? जमिनीत? तेव्हा कंटाळा आला होता, पण आता कुणी मला ओतकाम काय असतं विचारलं तर मी तिथूनच सुरुवात करतो, कारण या कामातले जीवघेणे अपघात आणि फसलेली कास्टिंग, दोन्हींच्या मुळाशी बऱ्याच वेळा ओल असते.

आधी हे समजून घ्या. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या साधारण १७०० पट जागा मागते, म्हणजे चमचाभर, पाच मिली पाणी धरलं तर आठ-साडेआठ लिटर वाफ, आणि ती वाफ अजून तापली की अजून फुगते. उघड्या कढईत हे हळूहळू होतं म्हणून आपल्याला काही वाटत नाही. पण १००० डिग्रीच्या वरच्या धातूखाली पाण्याचा थेंब अडकला तर हे सगळं क्षणात होतं, वाफेला वर यायला रस्ता नसतो, मग ती धातूलाच वर उडवते. नुसता धातू वितळलेला असणं जितकं धोक्याचं नाही तितकं त्याच्याखाली ओल असणं धोक्याचं आहे.

आता ब्राँझ म्हणजे काय ते. तांब्यात कथील मिसळलं की ब्राँझ, म्हणजे आपलं कांसं, आणि तांब्यात जस्त मिसळलं की पितळ. लोक दोन्हीत फार गोंधळ करतात आणि हा गोंधळ पुढे फुफ्फुसाला महागात पडतो, ते सांगतोच. शिल्पाच्या ब्राँझमध्ये साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के कथील असं धरून चाला. कथील वाढवून २०-२२ टक्क्यांवर नेलं की घंटेचा धातू होतो, नाद सुंदर पण ठिसूळ, आणि आजीच्या घरी तळपायाला तूप लावून घासायची जी काशाची वाटी असायची ती याच जातीची. शुद्ध तांबं १०८५ डिग्री सेल्सियसला वितळतं, कथील फक्त २३२ ला, आणि दहा टक्क्यांचं ब्राँझ १००० च्या थोडं वर गेलं की पूर्ण पातळ होतं. म्हणजे कथील घातल्याने धातू लवकर वितळतो, साच्यात नीट पळतो आणि थंड झाल्यावर तांब्यापेक्षा कडक होतो, एवढ्या सगळ्या फायद्यांमुळे माणूस हजारो वर्षं हाच धातू ओततोय. आजकाल बरेच शिल्पकार सिलिकॉन ब्राँझ वापरतात, त्यात कथील नसतं, साधारण ९५ टक्के तांबं, चारेक टक्के सिलिकॉन आणि थोडं मँगनीज, शिकणाऱ्यांसाठी मला तेच बरं वाटतं कारण ते स्वच्छ वाहतं आणि नंतर वेल्डिंग पण सोपं जातं.

पद्धती बऱ्याच आहेत, वाळूचा साचा, सिरॅमिक शेल (मेणावर थर देऊन केलेलं पातळ कडक कवच), प्लास्टरचा साचा. मी मेण वितळवून काढायच्या पद्धतीबद्दल लिहितोय, म्हणजे मेणाच्या मूर्तीवर साचा करायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, कारण आपल्याकडची परंपरा तीच आहे. मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, याच पद्धतीने ओतलेली. आपल्या नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये जी चार शिल्पं सापडली, बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, ती भरीव ओतलेली आहेत, चारही मिळून ६० किलोच्या वर. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला, त्याच्या मानसोल्लास ग्रंथात ही पद्धत पायरीपायरीने लिहून ठेवलेली आहे. मेणाची मूर्ती करा, तिला नळ्या जोडा, मेणाचं वजन करून ठेवा, मातीचे थर द्या, थर सावलीत वाळवा, ओतायच्या आधी साचा तापवा. सावलीत वाळवा हे वाचून मला फार भारी वाटलं होतं, कारण उन्हात बाहेरचा थर पटकन सुकतो आणि तडकतो, आणि आतली ओल तशीच राहते, म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीही प्रश्न तोच होता.

मेणाचं काम सगळ्यात मजेचं, तिथे वेळ घालवा. मधमाशीचं मेण, थोडं पॅराफिन, थोडी राळ, हवामान बघून प्रमाण बदलायचं, उन्हाळ्यात मेण लोळतं म्हणून राळ जरा जास्त. पहिला पीस तळहाताएवढाच करा आणि सगळीकडे जाडी शक्यतो सारखी ठेवा, कारण ब्राँझ एकदम एका क्षणी गोठत नाही, साधारण हजारपासून साडेआठशे डिग्रीपर्यंत ते लापशीसारखं असतं आणि त्या काळात आकसतं. जिथे जाड गोळा असेल तो शेवटी गोठतो आणि आकसताना त्याला आणखी धातू मिळाला नाही तर तिथे खड्डा पडतो किंवा आतून पोकळ राहतो. मोठे पुतळे भरीव नसतात ते यामुळेही, भिंत फक्त चार-सहा मिलिमीटरची ठेवतात आणि आत मातीचा किंवा प्लास्टरचा गाभा असतो. पुण्यातला शिल्पकार करमरकरांचा १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघताना आता माझं लक्ष आधी या गोष्टींकडे जातं, घोड्याचा पाय कुठे बारीक होतो, तिथे धातू कसा पोचला असेल.

मेणाच्या मूर्तीला मेणाच्याच काड्या जोडायच्या. वर एक कप, तिथून धातू आत न्यायला रनर, आणि हवा बाहेर जायला व्हेंट. नवे लोक रनर नीट लावतात आणि व्हेंट विसरतात. साचा रिकामा नसतो, हवेने भरलेला असतो, धातू आत येतोय तर ती हवा कुठे जाणार? बोटाचं टोक, नाक, शिंग, जे काही वर टोकाला असेल तिथे व्हेंट पाहिजेच. हे सगळं जोडून झालं की वजन करा आणि लिहून ठेवा. ब्राँझ मेणाच्या नऊ-साडेनऊ पट जड असतं, म्हणून सोप्या हिशोबाला दहाने गुणा आणि वर थोडं जास्त घ्या. काड्यांसकट मेण २०० ग्रॅम असेल तर दोन किलो धातू लागेल, मुशीत अडीच किलो असू द्या. ऐन वेळी धातू कमी पडला तर मागून ओतून जोडता येत नाही, तो पीस गेला.

आता साचा, आणि इथे पाणी परत येतं, कारण साचा पाण्यातच कालवलेला असतो. छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेक अर्धं पीओपी आणि अर्धी बारीक सिलिका वाळू असं मिश्रण करतात. समजा तुमचा साचा कोरडा होऊन दहा किलोचा झाला, हाताला खडखडीत लागतोय. त्यातलं पाच किलो जे जमलेलं प्लास्टर आहे, त्याच्या वजनाचा जवळजवळ २१ टक्के भाग हा पाणी आहे! ओलावा म्हणून नाही, प्लास्टर घट्ट होताना ते पाणी त्याच्या स्फटिकातच बसतं. म्हणजे तुमच्या "कोरड्या" साच्यात लिटरभर पाणी अजून आहे आणि ते हाताला कधीच कळणार नाही. उन्हात चार दिवस ठेवलाय, आता ओतू, असं कोणी म्हणालं तर तिथून निघून या, खरंच सांगतो.

ते पाणी काढायला बर्नआउट करतात. साचा उलटा, कप खाली करून भट्टीत ठेवायचा, आधी मेण वितळून खाली ट्रेमध्ये येतं, मग तापमान हळूहळू वाढवत दीडशेच्या आसपास बराच वेळ थांबायचं म्हणजे स्फटिकातलं पाणी निघून जातं, मग हळूच ६५०-७०० पर्यंत, म्हणजे उरलंसुरलं मेण आणि काजळी जळून जाते. प्लास्टर यापेक्षा फार जास्त तापवलं की स्वतःच बिघडायला लागतं. साच्याच्या आकाराप्रमाणे एक दिवस, दीड दिवस, कधी जास्त. घाई केली तर वाफ आतूनच साचा फोडते. झालं का ते बघायची जुनी युक्ती म्हणजे साच्याच्या तोंडाजवळ चिमट्याने थंड काच धरायची, काचेवर वाफ धरली तर अजून थांबा. मेण जळताना धूर भरपूर होतो, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेत किंवा चांगला एक्झॉस्ट असेल तिथेच. सिरॅमिक शेलची गोष्ट बरोबर उलटी असते, तिथे शेल एकदम ९०० च्या आसपास तापलेल्या भट्टीत घालतात, कारण हळू तापवलं तर आतलं मेण फुगून शेलला तडे जातात, त्याऐवजी मेणाचा बाहेरचा पापुद्रा चटकन वितळून फुगायला जागा झालेली बरी. दोन पद्धतींचे नियम एकमेकांत मिसळू नका.

तामिळनाडूत स्वामीमलैचे स्थपती कावेरीच्या गाळाची बारीक माती पहिल्या थराला वापरतात, बस्तरचे ढोकरा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाची दोरी गुंडाळून नक्षी करतात, आणि अशा देशी साच्यांच्या मातीत बऱ्याच ठिकाणी भाताचं तूस, शेण असं काहीतरी कालवलेलं असतं. तूस जळून गेलं की मातीत बारीक बारीक वाटा राहतात आणि वायू त्यातून निघून जातो, ही सगळी करामत परत हवा आणि वाफेला रस्ता द्यायचीच आहे.

धातू वितळवायच्या दिवशी काय घालायचं ते आदल्या रात्रीच काढून ठेवा. अंगभर जाड सुती कपडे, पॉलिएस्टर नायलॉन काहीही नको, आतले मोजेसुद्धा सुतीच, कारण सिंथेटिक कापड नुसतं जळत नाही तर वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे बूट आणि पँट बुटाच्या बाहेरून खाली, आत खोचलेली नको. गमबूट घालून आलेल्या मुलाला आमच्याकडे परत पाठवलं होतं, त्याला वाईट वाटलं पण ते बरोबरच होतं, उघड्या तोंडाच्या बुटात धातूचा थेंब पडला तर तो काढेपर्यंत काय होईल विचार करा. चामड्याचा एप्रन, मनगटाच्या वरपर्यंत येणारे ग्लोव्ह्ज, पूर्ण चेहऱ्याची शील्ड आणि तिच्या आत चष्मा. भट्टीत सारखं डोकवायचं असेल तर हलक्या शेडची वेल्डिंगची काच, कारण त्या उजेडातले इन्फ्रारेड किरण डोळ्याला त्रास देतात आणि ते दिसत नाहीत. ग्लोव्ह्ज ओले असतील, घामाने का होईना, तर बदला, ओल्या ग्लोव्हमधून उष्णता पटकन आत येते आणि वाफेने हात भाजतो.

जमीन बघा. सिमेंटचा कोबा वरून कोरडा दिसतो पण त्याच्या पोटात पाणी असतं, त्यावर धातू सांडला की कोब्याचे तुकडे फटाक्यासारखे उडतात. म्हणून ओतायची जागा आणि तिथे जायचा रस्ता कोरड्या वाळूचा करायचा, सात-आठ सेंटिमीटर तरी थर. आणि वाळू कोरडी म्हणजे खरंच कोरडी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे फार अवघड जातं, हवेतलीच ओल वाळूत उतरते, मी तर म्हणेन शिकणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर मेणकाम करावं आणि ओतायचं दिवाळीनंतर ठेवावं.

गॅसची भट्टी असेल तर सिलेंडर उभा, भट्टीपासून लांब, पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली खड्ड्यात, तळघरात साचून राहतो, त्यामुळे बंद खोलीत हे काम नाहीच. पेटवताना भट्टीचं झाकण उघडं, आधी पेटता कागद आत, मग गॅस हळूच, तोंड बाजूला. ज्योत विझली तर गॅस बंद करून थांबा, वारा जाऊ द्या, लगेच परत काडी ओढू नका.

मूस दर वेळी तपासायची. बोटाच्या टिचकीने वाजवली तर चांगली मूस खणकन वाजते, तडा असेल तर बद्द आवाज येतो, तशी मूस बाजूला, वाद नाही. मूससुद्धा हवेतली ओल पिते, म्हणून पहिल्यांदा वापरताना रिकामीच हळूहळू तापवून घ्यायची. धातूचे तुकडे मुशीत ठासून भरायचे नाहीत कारण ते तापून फुगतात आणि मुशीला आतून फोडतात, सैल ठेवायचे, आणि नंतर जो तुकडा घालायचा तो भट्टीच्या झाकणावर आधी तापवून मगच आत. आमच्यासोबतच्या एकाने जमिनीवर ठेवलेला, धातूवर तरंगणारी मळी (घाण) काढायचा लोखंडी झारा तसाच उचलून धातूत बुडवला होता, त्याला वाटलं लोखंड आहे, कोरडंच आहे. फट्ट असा आवाज आला आणि हरभऱ्याएवढा थेंब त्याच्या एप्रनवर येऊन पडला. एप्रन होता म्हणून चामड्यावर काळा डाग पडून विषय संपला, पण त्या दिवसानंतर आमच्यातलं कोणीही हत्यार भट्टीवर गरम केल्याशिवाय धातूजवळ नेलं नाही.

भंगाराबद्दल मी हट्टी आहे. नळ, कुलपं, समया, जुनी भांडी वितळवायचा मोह होतो कारण स्वस्त पडतं, पण ते बहुतेक पितळ असतं आणि त्यात शिसंही असू शकतं. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, म्हणजे तांब्याचा मिश्रधातू ओतायच्या तापमानाला येईपर्यंत त्यातलं जस्त उकळून हवेत जायला लागतं, पांढरा दाट धूर आणि कापसासारखे तंतू उडताना दिसतात. तो धूर छातीत गेला की काही तासांनी, बऱ्याचदा घरी गेल्यावर, थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव येते, लोकांना वाटतं फ्लू आला. एक-दोन दिवसात उतरतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. शिशाचं मात्र असं उतरत नाही, ते शरीरात साचत जातं. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की धूर बाधत नाही असं फाउंड्रीत सर्रास म्हणतात, पण गूळ पोटात जातो आणि धूर फुफ्फुसात जातो. शिकताना माहितीतल्या विक्रेत्याकडून, काय मिश्रण आहे ते लिहून दिलेल्या ब्राँझच्या विटा घ्या, धातूच्या धुराला चालणारा फिल्टरवाला मास्क घाला, आणि वारा ज्या बाजूला धूर नेतोय तिथे उभे राहू नका.

वितळलेल्या धातूलाही पाण्याचा त्रास आहे बरं का. ज्योतीतली, ओल्या कोळशातली, भट्टीच्या अस्तरातली वाफ वितळलेल्या तांब्याला भेटली की त्यातला हायड्रोजन धातूत विरघळतो आणि धातू गोठताना बाहेर यायला बघतो, त्याने कास्टिंगच्या पोटात बारीक छिद्रं राहतात. म्हणून धातू पटकन वितळवायचा, विनाकारण तासभर भट्टीत शिजवत ठेवायचा नाही, तापमान पायरोमीटरने बघायचं, साधारण ११०० च्या आसपास, पातळ कामाला थोडं वर, जाडला थोडं खाली. कथिलाचं ब्राँझ असेल तर शेवटी फॉस्फर कॉपरचा छोटा तुकडा घालून ऑक्सिजन काढायचा, मळी बाजूला करायची आणि ओतायचं.

ओततानाचा वेळ म्हणजे मिनिट-दोन मिनिटं, पण त्यासाठीच दोन दिवस ती रिकामी मूस फिरवलेली असते. एकच माणूस बोलेल, बाकीचे ऐकतील. रस्त्यात पाण्याची बाटली, वायर, चप्पल काही नको. साचा गरम असतानाच वाळूत तोंड वर करून पुरलेला हवा, कप झाकलेला म्हणजे वाळू आत पडत नाही. धार एकसारखी, कप सतत भरलेला, मध्ये थांबायचं नाही, व्हेंटमधून धातू वर आलेला दिसला की थांबायचं. उरलेला धातू आधीच तापवून ठेवलेल्या लोखंडी साच्यात ओतायचा, मुशीत गोठू द्यायचा नाही. सांडला तर मागे व्हा आणि गोठू द्या, पाणी अजिबात मारायचं नाही, कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवायची ती यासाठी. पाणी लागतं ते माणसाला. कोणी भाजलं तर वितळलेल्या धातूपासून लांब नेऊन भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि डॉक्टरकडे न्या, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावत बसू नका. नळ कुठे आहे ते सकाळीच सगळ्यांना दाखवून ठेवा.

नंतरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे वाट बघणं. ब्राँझ गोठलेलं दिसलं तरी लाल असताना ते ठिसूळ असतं, ठोकलं तर बोट, कान तुटून हातात येतात. पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो दुसऱ्या दिवशी फोडा. फोडताना सिलिकाची धूळ उडते आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, त्यावर परतीचा उपाय नाही, म्हणून मास्क लावा आणि गार झालेल्या साच्यावर आता खुशाल पाणी मारा, भाजलेल्या माणसाचं सोडलं तर या सगळ्या कामात पाणी मित्र असतं ते फक्त इथेच. माती निघते, काळपट गुलाबी धातू दिसायला लागतो, तुमच्या अंगठ्याचा मेणावर उमटलेला ठसा ब्राँझमध्ये जसाच्या तसा असतो. मी माझा पहिला पीस, एक साधं पान, धुवून कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसलो होतो.

मग रनर कापायचे, घासायचं, पॅटिना (रसायनांनी धातूवर आणायचा रंग) चढवायचा, त्या रसायनांच्या वाफांवर वेगळं लिहावं लागेल. कापलेले रनर आणि कप टाकू नका, तो चांगला धातू आहे, पुढच्या वेळी वापरता येतो. फक्त त्यावर साच्याची माती चिकटलेली असते ती घासून काढा, डब्यावर कुठलं ब्राँझ आहे ते लिहा, आणि साचा फोडताना हे तुकडे भिजलेत हे लक्षात ठेवून पुढच्या खेपेला मुशीत टाकायच्या आधी झाकणावर चांगले तापवून घ्या.